मोठ्यानं केलेली प्रार्थना

१८३१ सालच्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी हे तीन अमेरिकन मिशनरी नगरला येऊन राहिले. त्यांच्या सोबत बाबाजी रघुनाथ नावाचे नव्यानंच ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. पुढच्याच उन्हाळ्यात हार्वी पटकीनं गेले. १८३३ च्या मार्चमध्ये नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी रीतसर स्थापन झाली आणि महिना-दीड महिन्यात बाबाजीही पटकीनंच गेले. रीडनी नंतर अमेरिकेत त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणून निदान त्यांचं नाव तरी उरलं. त्या मंडळीतल्या बाकीच्यांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत. शहरातल्या आंधळ्या, लंगड्या, म्हाताऱ्या, निराधार माणसांसाठी एक आश्रम होता. बाबाजी तिथं जात, बोलत, प्रार्थना करत. नगरच्या पहिल्या काही बाप्तिस्म्यांतली माणसं त्याच आश्रमातली होती आणि त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक होते.

म्हणजे १८३३ साली, पेशवाई बुडून पुरती सोळा वर्षंही झाली नव्हती तेव्हा, नगर शहरात एका खोलीत एक ब्राह्मण आणि गावकुसाबाहेरची, हातापायानं अधू माणसं एकत्र बसून प्रार्थना करत होती. भाकर एकच मोडली जात होती आणि द्राक्षरसाचा प्यालाही एकच फिरत होता. आमच्या मंडळीच्या इतिहासात शाळा आल्या, दवाखाने आले, छापखाना आला, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या खोलीतल्या प्रार्थनेबद्दल मात्र कुणी थांबून बोलत नाही. मला वाटतं, पुढचं सगळं त्या बैठकीतून निघालं.

मी नगरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. माझी आजी नेवासा-शेवगाव भागात बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणारी बाई होती. तेव्हा हा विषय मी पुस्तकांतून शिकण्याआधी घरात ऐकला आहे.

सामुदायिक प्रार्थना ही काही आमच्या जिल्ह्याला अमेरिकेनं दिलेली देणगी नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, १२९० साली, आणि तिचा शेवट होतो तो पसायदानानं. साऱ्या विश्वासाठी मागणं मागणारी अशी प्रार्थना ज्या मातीत झाली, तिथल्या लोकांना एकत्र बसून देवाला आळवणं कुणी शिकवायची गरज नव्हती. एकादशीचं भजन, पहाटेची काकडआरती, सप्ताह, दिंडी हे सगळं गावोगाव होतंच. महारवाड्यातही एकतारी होती, अभंग होते. पण भजन कितीही रंगलं तरी जागा ठरलेल्या होत्या. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीशी आहे, आत नाही. त्या देवळाचे दरवाजे अस्पृश्यांना उघडावेत म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं ते १९४७ साली, म्हणजे नगरच्या त्या खोलीनंतर एकशे चौदा वर्षांनी.

नवी गोष्ट होती ती ही की, ज्याला कुणी कधी चार माणसांत बोलू दिलं नव्हतं त्याला सांगितलं गेलं: आता तू प्रार्थना कर, मोठ्यानं कर, आम्ही ऐकतो आणि शेवटी आमेन म्हणतो. अमेरिकन मिशनच्या या परंपरेत छापील प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन वाचायची रीत नव्हती. ज्याला जसं सुचेल तसं त्यानं आपल्या शब्दांत बोलायचं. वाचता येत नाही ही अडचण त्यामुळे आपोआप दूर झाली. मंत्र पाठ नाही, संस्कृत नाही, गुरुजी नाहीत. वेशीवर उभं राहून जोहार घालणाऱ्या माणसानं सगळ्यांदेखत तोंड उघडायचं आणि ब्राह्मणानं खाली मान घालून त्याचं ऐकायचं.

पहिल्या शतकातली मंडळी आठवते ती इथं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच माडीवरच्या खोलीत एकत्र जमून प्रार्थना करणारे लोक भेटतात. येशूची आई मरीया आणि इतर स्त्रिया त्यांच्यात आहेत. पुढे बाराव्या अध्यायात हेरोद राजा पेत्राला तुरुंगात टाकतो आणि मंडळी मार्कच्या आईच्या घरी रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करत बसते. पेत्र सुटतो, अंधारातून त्या घराशी येतो, दार ठोठावतो. दाराशी जाते ती रुदा नावाची दासी. तिला आवाज ओळखता येतो. आनंदाच्या भरात ती दार उघडायचं विसरून आत पळते आणि सांगते, पेत्र आलाय. आतली मंडळी, जी त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत होती, तिला म्हणतात की तुला वेड लागलंय. ती आपलं म्हणणं सोडत नाही. ही गोष्ट मी वर्गात नाही पण संडेस्कूलमध्ये कितीदा तरी सांगितली, आणि दरवेळी मुलं हसायची. मला मात्र त्यात एक मोठी गोष्ट दिसते: लिहिणाऱ्यानं त्या दासीचं नाव लिहून ठेवलं. प्रार्थनेच्या त्या घरात तिला नाव होतं, तिचा आवाज होता आणि शेवटी तिचंच खरं ठरलं.

तीच गोष्ट पुढे साठ-सत्तर वर्षांनी एका परक्याच्या पत्रात दिसते. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात राज्यपाल होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात, चोरी-दरोडा-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर पुन्हा जमून साधंसुधं जेवण जेवतात. एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. आणखी माहिती काढायला त्यानं दोन गुलाम स्त्रियांना धरून त्यांचा छळ केला. या दोघी मंडळीत सेविका होत्या, म्हणजे त्यांना मंडळीनं काहीएक पद दिलं होतं. साम्राज्याच्या कायद्यात ज्यांची गणती माणसांत होत नव्हती, त्यांनाच पकडलं की मंडळीची माहिती मिळेल असं त्या अधिकाऱ्याला वाटलं, यावरून त्यांची जागा कळते. त्याच पत्रात तो तक्रार करतो की हे लोण शहरांपुरतं राहिलं नाही, खेड्यांत आणि शेताशिवारांत पोचलं आहे.

रोमला राहणाऱ्या हुतात्मा जस्टिननं इसवी सन १५५ च्या आसपास रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमत. शास्त्र वाचून झालं की सगळे उठून उभे राहत आणि मिळून प्रार्थना करत. मग पुढारी आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करी आणि लोक आमेन म्हणत. जे आले नाहीत त्यांच्याकडे भाकरीचा वाटा पोचवला जाई. ज्यांना ऐपत आहे ते काही देत आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी जाई. ‘आपल्या कुवतीप्रमाणे’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. शब्द सुंदर असलेच पाहिजेत अशी अट नव्हती.

हा धागा नगरपर्यंत कसा आला त्याचीही एक कथा आहे, आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याला ती चटकन समजेल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच मुलं शेतात प्रार्थनेला जमली होती. वादळी पाऊस आला तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि तिथंच प्रार्थना पुरी केली. दूरच्या देशांत जाण्याचा त्यांचा विचार तिथं पक्का झाला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. तिनं पाठवलेला गॉर्डन हॉल याच कॉलेजचा. तो १८१३ मध्ये मुंबईला पोचला आणि मराठी मिशन सुरू झालं. नगरचं ठाणं त्याच मिशनचं. गंजीच्या आडोशाला बसलेल्या पाच पोरांना नगर हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

या संस्थेची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जगभरच्या तिच्या ठाण्यांवर प्रार्थनासभा भरे. निरनिराळ्या देशांतल्या कामाची बातमीपत्रं वाचून दाखवत आणि मग त्या त्या लोकांसाठी प्रार्थना होई. हवाई बेटं, सिलोनमधलं जाफना, तुर्कस्तान, सगळीकडे याच संस्थेची माणसं होती. आता कल्पना करा की ज्याची दुनिया गावाची वेस, पाटलाचा वाडा आणि चावडी एवढीच, त्या माणसाला सांगितलं जातं की हवाईतल्या मंडळीसाठी प्रार्थना कर. तो करतो. त्याच्या तोंडून ते नाव जसं निघेल तसं निघो. त्याला वेठीला धरणारे पुष्कळ होते; जगाचं ओझं त्याच्यावर विश्वासानं टाकणारे मात्र हे पहिलेच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अजून प्रार्थना सप्ताह पाळतो, जगभर पाळतात. त्याची हाक पंजाबातल्या लुधियानाच्या मिशननं १८५८ मध्ये दिली आणि १८६० च्या जानेवारीत तो पहिल्यांदा पाळला गेला. आमच्याच देशातून निघालेली ही रीत विलायती समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

१८५४ मध्ये नगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. या मिशनचे हे पहिले देशी पाळक. दोघंही जन्मानं ब्राह्मण आणि त्यांच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार समाजातले. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यांनी जोर दिला तो खेड्यापाड्यांत लहान लहान, आपल्या पायावर उभ्या राहणाऱ्या मंडळ्या काढण्यावर. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, ती या खेड्यांच्या कामात. गावात शाळेची एक खोली असायची. दिवसा तिथं मुलं पाटीवर गिरवत आणि रात्री तीच प्रार्थनेची जागा. रात्रीच, कारण दिवसा माणसं रानात, नाहीतर गावकीच्या कामात. चावडीची हाक आली की महारानं जायचं. वेळ त्याच्या मालकीची नव्हतीच.

त्या रात्रीच्या प्रार्थनेचा शेवटचा काळ मी पाहिलेला आहे. खोलीत जमखाना अंथरलेला असे, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मधे कंदील. आजी शाळेत गेली नव्हती. बायबल वाचायला ती मोठेपणी शिकली आणि तेही बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. पण प्रार्थना करायला लागली की थांबायची नाही. ती देवाला उद्देशून बोलायची, पण माणसांची नावं घेऊन. अमकीची म्हैस आटली आहे. तमकीचा नवरा मुंबईला गिरणीत आहे, दोन महिने पत्र नाही. थोरल्या आळीतल्या पाटलीणबाईंना दिवस जड चाललेत, त्यांना मोकळं कर. त्या पाटलीणबाईंच्या अंगणात आजीला पाणी वरून ओतून मिळायचं, तरी त्यांचं नाव दर वेळी यायचं. मग भांडण झालेल्या दोन जावांची नावं ती एकामागोमाग एक घ्यायची आणि जरा थांबायची. त्या दोघी तिथंच बसलेल्या असायच्या. देवापुढं सगळ्यांदेखत आपलं नाव निघालं की दुसऱ्या दिवशी नळावर न बोलता कसं राहणार? मंडळीतले कितीतरी तंटे पंचांपर्यंत न जाता त्या जमखान्यावर मिटले.

गाणं मात्र रुळायला वेळ लागला. मिशनरी हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये आले. त्यांनी मराठीत पुष्कळ गीतं केली, पण चाली बहुतेक विलायती. शब्द मराठी आणि चाल परकी, अशी ती गीतं लोक श्रद्धेनं म्हणत, पण बांधावर कुणी गुणगुणत नसे. मग १८६० नंतरच्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळं आपलं आणि आख्यान येशूचं. खेड्यातल्या माणसाला आपली जागा सापडली. आणि त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले, इथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं, पुढं राहुरीत संसार केला. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेच्या आसपास एकट्या टिळकांची आहेत. त्यांनी अभंग-ओवीला उपासनेत मानाची जागा दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत, आणि त्यांच्या गीतांतून सगळी मंडळीच त्या पुलावर येऊन उभी राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा राहुरीला १९०० मध्ये झाला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनातून जात कशी सुटली, ते ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी इतक्या सरळपणे लिहिलं आहे की त्यावर मी काही बोलू नये.

दुष्काळाचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगता येत नाही. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये जिल्हा होरपळला. त्या काळात मंडळ्यांची संख्या वाढली आणि भाकरीसाठी ख्रिस्ती झाले हा टोमणा तेव्हापासून आमच्या मागं आहे. भूक होती, हे खरंच आहे. पण भुकेल्या माणसाला घास आणि प्रार्थना एकाच दारात मिळाली तर त्यात लाजण्यासारखं काय, हे मला कधी समजलं नाही. जस्टिनच्या रोममध्येही दान आणि आमेन एकाच बैठकीत होत होते. नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळात केलेल्या मदतीबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. आणि पुढं मंडळी स्वतः द्यायला शिकली. आजी रोज दळायला बसण्याआधी मूठभर बाजरी वेगळ्या मडक्यात टाकायची, ती रविवारची. हंगामाच्या सणाला लोक भोपळा, कोंबडी, हरभऱ्याची पेंडी, अंडी घेऊन येत आणि उपासना झाली की लिलाव होई. ज्यानं भोपळा आणला तोच कधीकधी जास्त बोली लावून तो परत घेऊन जाई.

जात मेली असंही कुणी समजू नये. महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांमध्ये एका पंगतीत बसण्यावरून, सोयरिकीवरून कितीतरी वर्षं ताण होता आणि काही ठिकाणी अजून आहे. एकच प्याला ओठांना लावणारे लोक लग्न जुळवताना मात्र मागं सरत. प्रार्थनेनं हे सगळं धुऊन काढलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण हे चूक आहे असं ठणकावून सांगायची जागा प्रार्थनेनं दिली. ज्या खोलीत सगळ्यांना बोलता येतं तिथं अन्यायाची गोष्ट फार काळ झाकून राहत नाही.

मला आज खटकतं ते दुसरंच. हल्ली बऱ्याच ठिकाणी एकच माणूस माईक हातात घेऊन प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. आवाज इतका मोठा असतो की शेजारच्या बाईचा हुंदकाही ऐकू येत नाही. शिकलेली पोरं घाबरतात, आपल्याला नीट जमणार नाही म्हणून. ज्यांच्या आज्या-पणज्या अक्षरशत्रू असून भरसभेत देवाशी बोलल्या, त्यांना आता शब्दांची लाज वाटते. पेटी-तबल्याच्या जागी आलेल्या कीबोर्डशी माझं काहीच भांडण नाही. पण सर्वांचा आवाज गेला तर मंडळी नुसती श्रोते होऊन बसेल, आणि श्रोत्यांसाठी कुणी रात्री दार ठोठावत येत नाही.

आमच्या महिला मंडळात गुरुवारच्या घरप्रार्थनेला आम्ही एक नेम केला आहे. माईक नाही. प्रत्येकीनं निदान एक वाक्य मोठ्यानं बोलायचं, आणि त्यात स्वतःखेरीज दुसऱ्या एकीचं नाव घ्यायचं. सुरुवातीला नव्या सुना खाली बघत बसायच्या. आता त्यांच्यातलीच एक, नर्सिंग शिकणारी, आपल्या वॉर्डातल्या पेशंटांसाठी अशी काही मागते की आम्ही म्हाताऱ्या नुसत्या ऐकत राहतो. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाला बघायला घरचं कुणी आलं नाही, सगळं तिला ठाऊक असतं. तिनं सुचवलं म्हणून पुढच्या महिन्यापासून आम्ही दर गुरुवारी तिघीजणी प्रार्थना झाल्यावर डबे घेऊन त्या वॉर्डात जाणार आहोत.